बांगलादेश २४वा, भारत १३१वा: हे गणित कसं मांडतात?

‘कुठल्या देशात बायकांचं बरं चाललंय?’ या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: शाळेत वादविवाद स्पर्धेसाठी मुलींनी ‘ग्लोबल जेंडर गॅप’ची २०२५ची यादी काढली. १४८ देशांत आइसलंड पहिला, बांगलादेश २४वा आणि भारत १३१वा. बांगलादेशातल्या बायकांचं आपल्यापेक्षा इतकं बरं आहे का? मुलींना काय सांगू?
(माध्यमिक शिक्षिका, जालना)

यादी खोटी नाही. पण मुलींनी तिला जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर द्यायला ती बनवलेलीच नाही. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम २००६ पासून ही यादी काढतं. तिच्यात बायका किती सुखात आहेत हे बघत नाहीत. त्याच देशातल्या पुरुषांच्या किती मागे आहेत, एवढंच बघतात. फळ्यावर मांडून दाखवा. एका देशात शंभरातले ३० पुरुष साक्षर आणि शंभरातल्या ३० बायका साक्षर. भागाकार १, पूर्ण गुण. दुसऱ्या देशात पुरुष ९८, बायका ९२. भागाकार ०.९४. दुसऱ्या देशातली जवळजवळ प्रत्येक मुलगी वाचते, तरी तो देश मागे. बायका पुरुषांच्या पुढे गेल्या तर जादा गुण नाहीत, आकडा १ वर थांबतो.

एकूण १४ मोजमापं आहेत आणि त्यांचे चार गट: काम आणि मिळकत, शिक्षण, आरोग्य, राजकारण. चारही गटांना सारखं वजन, म्हणजे प्रत्येकी पाव हिस्सा. २०२५चे भारताचे गुण मुलींना लिहून द्या: मिळकत ४०.७, शिक्षण ९७.१, आरोग्य ९५.४, राजकारण २४.५. बेरीज करून चारने भागा, ६४.४ येतात. शिक्षणात आपण काठाला पोचलोय. बुडालोय ते पहिल्या आणि चौथ्या गटात. १३१ या आकड्यापेक्षा हे चार आकडे कितीतरी जास्त सांगतात.

आता बांगलादेश. राजकारणाच्या गटात तीन मोजमापं आहेत. संसदेतल्या बायका, वजन ०.३१०. मंत्रिमंडळातल्या बायका, ०.२४७. आणि मागच्या ५० वर्षांत देशाच्या प्रमुखपदी बाई किती वर्षं होती, त्याला सगळ्यात जास्त, ०.४४३. बांगलादेशात १९९१ पासून २०२४ पर्यंत खालिदा झिया आणि शेख हसीना आलटून पालटून पंतप्रधान होत्या. मधली दोन-अडीच वर्षं सोडली तर सगळी मिळून जवळपास ३० वर्षं. ५० पैकी ३० बाईची, २० पुरुषांची. भागाकार १ च्या वर, म्हणून पूर्ण गुण. ०.४४३ चा पाव हिस्सा म्हणजे ०.११. शंभरातले ११ गुण त्या देशाला दोन बायकांच्या कारकिर्दीमुळे मिळाले. अमेरिकेत आजवर एकही बाई राष्ट्राध्यक्ष झाली नाही, तिथे हे ११ च्या ११ गेले. आपल्याकडे इंदिरा गांधींची १९६६ पासूनची वर्षं आता एकेक करून ५० वर्षांच्या हिशोबाबाहेर चालली आहेत, त्यामुळे काहीही वाईट न घडताही आपला आकडा घसरतो. जे वाईट घडलं तेही मुलींना सांगा: या यादीत लोकसभेतला बायकांचा वाटा १४.७ वरून १३.८ टक्क्यांवर आला. २०१९ ला ७८ जणी निवडून आल्या होत्या, २०२४ ला ७४.

या १४ मोजमापांत बालविवाह कुठेच नाही. बांगलादेशात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ५१ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं (२०१९ची पाहणी). भारतात हेच प्रमाण २३.३ टक्के, महाराष्ट्रात २१.९ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१). स्पर्धेत ‘बांगलादेशात बरं नाही’ या बाजूने बोलणाऱ्या मुलीला हा मुद्दा द्या. आणि ‘बरं आहे’ म्हणणाऱ्या मुलीला हा: बांगलादेशाने १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेच्या मुलींना विद्यावेतन दिलं आणि मुलींची पटसंख्या खरोखर वाढली. दोन्ही गोष्टी एकाच देशातल्या आहेत.

अजून एक. २०२४ ला बांगलादेश ९९वा होता, वर्षभरात २४वा झाला. घराघरातलं आयुष्य वर्षात ७५ पायऱ्या चढत नाही. अशी उडी दिसली की कुठल्या गटात गुण वाढले आणि तिथली आकडेवारी नवी आली का, ते आधी बघावं. मिळकतीच्या गटात तर ‘समान कामाला समान पगार मिळतो का’ या मोजमापाचं वजन सगळ्यात जास्त, ०.३१०, आणि ते ठरतं कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना विचारलेल्या मतांवर. पगारपत्रकं कोणी तपासत नाही. आम्हाला या यादीतला हा सर्वात कच्चा दुवा वाटतो.

प्रश्न: बाळंतपणातले मृत्यू इतके कमी झाले, तरी आरोग्यात भारत तळाशी का दाखवतात?
(निवृत्त परिचारिका, मिरज)

तुमचा रोख बरोबर आहे. मातामृत्यू या यादीच्या आरोग्य गटात धरलेलेच नाहीत. तिथे दोनच गोष्टी आहेत: जन्माला येणाऱ्या मुलामुलींचं प्रमाण (वजन ०.६९३) आणि निरोगी आयुष्याची वर्षं (०.३०७). मुलींच्या जन्मासाठी पूर्ण गुणांची रेषा ०.९४४ आहे, म्हणजे १००० मुलग्यांमागे ९४४ मुली, कारण निसर्गतःच मुलगे थोडे जास्त जन्मतात. आयुष्यासाठी रेषा १.०६, म्हणजे बायकांनी पुरुषांपेक्षा सहा टक्के जास्त निरोगी वर्षं जगणं अपेक्षित आहे. बहुतेक देश या गटात ९६-९७ ला पोचतात. त्यामुळे ९५.४ गुण मिळवूनही आपण शेवटच्या रांगेत बसतो. गुणांचा फरक दीड-दोन, क्रमांकाचा फरक शंभरावर.

पण हा दीड-दोनचा फरक छोटा समजू नका. गर्भातच नाहीशा केलेल्या मुली त्यात आहेत. गर्भलिंग तपासणीवर देशातला पहिला कायदा १९८८ ला महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ ला आला. तरी महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली २००१ ला ९१३ होत्या, त्या २०११ ला ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात ८०७.

तुम्ही म्हणता ते मातामृत्यू बघायचे तर संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा लिंगभाव विषमता निर्देशांक काढा. त्यात मातामृत्यू, १५ ते १९ वयातल्या मुलींची बाळंतपणं, संसदेतल्या जागा, माध्यमिक शिक्षण आणि कामातला सहभाग अशा पाच गोष्टी आहेत. देशात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६ ला २५४ होते, २०१८-२० ला ९७, महाराष्ट्रात ३३. ही सुधारणा तिथे दिसते. मात्र एक खबरदारी घ्या, या निर्देशांकात आकडा जितका लहान तितकं चांगलं. भारताचा २०२१चा ०.४९० होता, २०२२चा ०.४३७ झाला, म्हणजे सुधारला. जेंडर गॅपमध्ये याच्या नेमकं उलट, मोठा आकडा चांगला. दोन्ही याद्या एका तक्त्यात घालून ‘भारत घसरला’ असा मथळा दिलेला आपण सगळ्यांनीच वाचला असेल.

प्रश्न: सकाळी साडेपाचला उठून रात्री अकराला मी पाठ टेकते. या देशोदेशीच्या याद्यांत माझं काम कुठे धरलंय?
(गृहिणी, कराड)

वरच्या दोन्ही याद्यांत कुठेच नाही. घरची भाकरी, धुणं, पाणी भरणं, सासऱ्यांचं औषधपाणी, मुलांचा अभ्यास: या सगळ्याला तिथे शून्य. ‘काम करणाऱ्या बायका’ मोजताना तुमचं नाव ‘काम करत नाही’ या रकान्यात जातं.

हे काम मोजायची पद्धत मात्र आहे. तिला वेळवापर पाहणी म्हणतात. आदल्या दिवशी पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाला काय केलं ते माणसाकडून भरून घेतात. भारतात पहिली देशव्यापी पाहणी २०१९ ला झाली. त्यातला आकडा खूप फिरला: घरकामात बायका रोज २९९ मिनिटं, पुरुष ९७ मिनिटं. हे वाचून वाटतं, पुरुषही दीड तास करतात की! इथे नीट बघायला हवं. ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्यांची आहे. बायकांत असे ८१.२ टक्के होते, पुरुषांत २६.१ टक्के. सगळ्या पुरुषांवर वाटलं तर ९७ ला ०.२६१ ने गुणा, २५ मिनिटं उरतात. सगळ्या बायकांवर वाटलं तर २४३. म्हणजे खरी तफावत तिपटीची नाही, जवळपास दहापटीची आहे. २०२४च्या पाहणीत काम करणाऱ्यांची सरासरी २८९ आणि ८८ मिनिटं आली. दोघांचीही नऊ-दहा मिनिटं कमी झाली, वाटणी होती तिथेच आहे.

देशांची तुलना करताना आमच्या मते सगळ्यात आधी हा आकडा मागावा. पगार, पद, शिक्षण, झोप, आजारपण, सगळं या मिनिटांतून उरलेल्या वेळेत बसवायचं असतं. आइसलंडच्या बायकांनी २४ ऑक्टोबर १९७५ ला हेच दाखवून दिलं. त्या दिवशी तिथल्या सुमारे ९० टक्के बायकांनी नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवलं. पुढच्याच वर्षी समान वागणुकीचा कायदा झाला आणि १९८० ला विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या, १६ वर्षं राहिल्या. आज त्या देशात आईबापांना मिळून १२ महिने पगारी रजा आहे, सहा तिची, सहा त्याची. एकमेकांना देता येतात ते फक्त सहा आठवडे. बापाने नाही घेतली तर ती बुडते. म्हणून बाप घेतात.

दुसरी बाजू. आपल्याकडे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ ला २३.३ टक्के होतं, ते २०२३-२४ ला ४१.७ टक्के झालं. ही वाढ मुख्यतः खेड्यांतली आहे, आणि तिच्यात घरच्या शेतात किंवा घरच्या दुकानात बिनपगारी राबणाऱ्या बायका मोठ्या संख्येने आहेत. आकडा वाढला, हातात पैसा आला का, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

प्रश्न: मुलीला स्टॉकहोमला एमएस करायला जायचंय. पण तिथे बलात्काराचं प्रमाण भारताच्या कैक पट असल्याचं वाचलं. पाठवू का?
(पालक, नाशिक)

पाठवा. पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांवरून दोन देशांची तुलना होत नाही, आणि या दोन देशांची तर मुळीच नाही.

स्वीडनमध्ये तक्रार आली की लगेच नोंद होते आणि प्रत्येक कृत्य वेगळं मोजतात. बाईने सांगितलं की नवऱ्याने वर्षात वीस वेळा जबरदस्ती केली, तर वीस नोंदी. २००५ ला बलात्काराची व्याख्या वाढवली, १ जुलै २०१८ पासून स्पष्ट संमती नसेल तर तो बलात्कारच. आपल्याकडे एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी राष्ट्रीय आकडेवारीत त्यातला सर्वात गंभीर तेवढा एक मोजतात. आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधल्या अपवादामुळे अठरा वर्षांवरच्या पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरतच नाही. तिथले वीस इथे शून्य.

म्हणून पाहण्या बघायच्या. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने ४२,००० बायकांना समोर बसून विचारलं. निष्कर्ष २०१४ ला आले. पंधराव्या वर्षानंतर शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायका: डेन्मार्क ५२ टक्के, फिनलंड ४७, स्वीडन ४६, पोलंड १९, सरासरी ३३. समतेत पहिले असलेले देश हिंसेतही वर कसे, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. एक कारण बऱ्यापैकी पटतं: जिथे बाईला बोलायची भीती कमी, तिथे ती ‘हो’ म्हणते. पण तेवढ्याने सगळा फरक भरून निघत नाही. उत्तर युरोपातल्या बायका घरात पूर्ण सुरक्षित आहेत असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही.

आपल्या कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याकडून हिंसा सोसलेल्या बायका देशात २९.३ टक्के, महाराष्ट्रात २५.२, कर्नाटकात ४४.४. सीमेच्या अलीकडे-पलीकडे एवढा फरक! आणि हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कोणाकडे तरी मदत मागितली.

मुलीला एवढं सांगा: ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक सगळ्या युरोपीय संघात चालतो, तक्रार करायला व्हिसाची आडकाठी नसते, आणि राहायची जागा करार वाचूनच घ्यावी.

प्रश्न: ‘जगात बायकांसाठी सर्वात धोकादायक देश भारत’ हा मेसेज दरवर्षी येतो. खरा आहे का?
(वाचक, ठाणे)

तो थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनने २०१८ ला केलेल्या मतचाचणीतला आहे. ५४८ जाणकारांना त्यांचं मत विचारलं होतं. एकाही देशात बायकांची पाहणी झाली नव्हती. भारत, अफगाणिस्तान, सीरिया, सोमालिया, सौदी अरेबिया असा क्रम आला आणि अमेरिका दहावी. मत म्हणून वाचा, मोजणी म्हणून पुढे पाठवू नका.

प्रश्न: रवांडाच्या संसदेत निम्म्याहून जास्त बायका आहेत. आमच्या पंचायतीत ५० टक्के आरक्षण येऊन इतकी वर्षं झाली. तरी आमच्याकडे सह्या नवरेच का ठरवतात? तिकडे काय वेगळं केलं?
(महिला सरपंच, जत तालुका)

रवांडाच्या कनिष्ठ सभागृहात ८० जागा. ५३ जागा पक्षांच्या यादीतून थेट निवडून येतात, २४ फक्त बायकांसाठी राखीव, २ तरुणांच्या, १ अपंगांची. २००३च्या राज्यघटनेने निर्णय घेणाऱ्या प्रत्येक संस्थेत किमान ३० टक्के बायका सक्तीच्या केल्या. २००८ ला बायका ५६ टक्के झाल्या, जगात पहिल्यांदाच. २०१३ ला ६३.८ टक्के. पक्षांनी आपल्या याद्यांतही बायकांना वर जागा दिल्या, म्हणून राखीव जागांच्या पलीकडे संख्या गेली. लोकसभेसाठी एक तृतीयांश आरक्षणाची १०६वी घटनादुरुस्ती २०२३ ला झाली खरी, पण तिला जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट लावली गेली.

आता तुमच्या मुद्द्यावर येऊ. रवांडातही सत्ता राष्ट्राध्यक्षांच्या हाती एकवटलेली आहे. संसद त्यांच्या विरोधात फारशी जात नाही. खुर्च्या मिळाल्या म्हणून घरातला पुरुष बदलला, असं तिथेही झालं नाही. पण एक काम त्यांनी असं केलं जे थेट चुलीपर्यंत पोचलं, ते जमिनीचं. १९९९ च्या कायद्याने मुलींना वारसाहक्क दिला आणि मग देशभर गावोगावी बांधावर जाऊन, शेजाऱ्यांना उभं करून, हवाई छायाचित्रावर रेघ मारून सुमारे एक कोटी तुकड्यांची नोंद केली. मोठं काम २०१३ पर्यंत उरकलं. नवराबायको दोघांची नावं एकाच कागदावर आली.

त्यात चूक कुठे झाली तेही बघण्यासारखं आहे. कायद्याने फक्त नोंदणी झालेलं लग्न धरलं. नुसत्या रीतिरिवाजाने नांदणाऱ्या बायका सुरुवातीला कागदाबाहेर राहिल्या, आणि काहींचा हक्क आधीपेक्षाही कच्चा झाला. कागद नव्हता तेव्हा गाव त्यांना मानत होतं. कागद आल्यावर कागदात नाव नाही म्हणून संपलं.

तुमच्या गावात हे करता येण्यासारखं आहे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत हजारो नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली होती. त्यानंतर शासनाची लक्ष्मी मुक्ती योजना आली. नवऱ्याने स्वतः तलाठ्याकडे अर्ज द्यायचा की माझ्या हयातीतच पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावा. अडतं ते तीन ठिकाणी. जमीन भावाभावांच्या सामाईकात असेल तर आधी वाटणी लागते. सोसायटीचा बोजा असेल तर तो नीट नोंदलेला लागतो. आणि आधार, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला यांत नाव वेगवेगळं असेल (माहेरचं, सासरचं, लाडाचं) तर अर्ज परत येतो. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून नाव कोणत्या रकान्यात पडलंय ते स्वतः वाचा. ‘इतर हक्क’मध्ये पडलेलं नाव आणि कब्जेदार म्हणून पडलेलं नाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सह्यांचा प्रश्न एका दिवसात सुटणार नाही, पण ज्या बाईच्या नावे दोन एकर आहेत तिला ग्रामसभेत कोणी ‘गप बस’ म्हणत नाही.

प्रश्न: सून पुण्यात आयटीत आहे, मुलाला म्युनिकला नोकरी लागली. दोघांना वर्षभरात मूल हवंय. बाळंतपणाच्या सवलती जर्मनीत चांगल्या म्हणतात. तिने लगेच राजीनामा देऊन जावं का?
(सासूबाई, सातारा)

लगेच देऊ नये. जर्मनीच्या सवलती चांगल्या आहेत, पण तिथे नोकरी करत असलेल्या बाईला.

पुण्यात तिला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पूर्ण पगारी रजा आहे. अट एवढीच की अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं. हा सगळा पगार मालक देतो, आणि कायद्याची खोट तिथेच आहे. तरुण बाईला नोकरी दिली की खर्च आपल्यावर पडणार, असं कंपनी मनात धरते.

जर्मनीत आधीचे ६ आणि नंतरचे ८ असे १४ आठवडे पूर्ण पगारी. त्यातला काही भाग आरोग्य विमा देतो, उरलेला मालक भरतो, पण मालकाला तो एका सामाईक निधीतून परत मिळतो. त्या निधीत सगळे मालक वर्गणी भरतात, नोकरीला बायका असोत की नसोत. त्यामुळे बाई घेतली म्हणून मालकाचा खर्च वाढत नाही. ही एक गोष्ट आपण तिकडून जशीच्या तशी उचलावी. पुढे आईबापांना मिळून १४ महिन्यांपर्यंत ‘एल्टर्नगेल्ड’ (सरकारी पालकभत्ता), हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ६५ टक्के, महिन्याला कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १८०० युरो. नोकरी तीन वर्षांपर्यंत राखून ठेवता येते.

पण ही रक्कम बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांतल्या तिथल्या मिळकतीवर ठरते. पुण्यातला पगार त्यात धरत नाहीत. सून राजीनामा देऊन गेली आणि तिथे नोकरी लागायच्या आधी मूल झालं, तर तिला महिना ३०० युरोच मिळतील आणि इथले २६ आठवडेही गेले. म्हणून एक तर इथली रजा घेऊन मग जावं, किंवा तिथे नोकरी लागून वर्ष झाल्यावर मुलाचा विचार करावा.

तिथे नोकरी लागली तर आणखी दोन गोष्टी सांभाळा. नवऱ्याचा पगार जास्त म्हणून जोडपी सहसा त्याला तिसरा आणि बायकोला पाचवा कर-वर्ग (पगारातून दरमहा किती कर कापायचा ते ठरवणारा गट) घेतात. पाचव्यात तिचा हातातला पगार घटतो आणि त्यावर ठरणारं एल्टर्नगेल्डही घटतं. वर्ग बदलायचा तर प्रसूतिरजा सुरू व्हायच्या निदान सात महिने आधी बदलावा. आणि अर्ज जन्मानंतर तीन महिन्यांत टाकावा, कारण मागचे पैसे तीन महिन्यांपर्यंतचेच मिळतात. एक वर्षाच्या मुलाला पाळणाघराचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, तरी मोठ्या शहरांत जागांची टंचाई असते. पोटात मूल असतानाच नाव नोंदवतात.

प्रश्न: जपान इतका शिकलेला, श्रीमंत. तरी २०२५च्या यादीत ११८वा?
(विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

शिक्षण आणि आरोग्यात जपानला जवळजवळ पूर्ण गुण आहेत. मार खातो तो मिळकतीत आणि राजकारणात. २०२४च्या निवडणुकीत कनिष्ठ सभागृहाच्या ४६५ जागांवर ७३ बायका आल्या. पहिली बाई पंतप्रधान, सानाए ताकाइची, ऑक्टोबर २०२५ ला झाल्या. कायद्याने नवराबायकोला एकच आडनाव लागतं आणि सुमारे ९५ टक्के वेळा बाईच बदलते. पत्नीची वर्षाची मिळकत १३ लाख येनच्या आत राहिली तर ती नवऱ्याच्या विम्यावर राहते, वर गेली की स्वतःचा विमा आणि पेन्शनची वर्गणी भरावी लागते. म्हणून डिसेंबर जवळ आला की कितीतरी बायका कामाचे तास मुद्दाम कमी करतात. नियमच तसा आहे.

प्रश्न: राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्हाला तीन गावांत ‘बायकांचं कुठे बरं आहे’ अशी तुलना करायचीय. काय विचारावं?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, रत्नागिरी)

‘तुम्ही सुखी आहात का’, ‘घरात तुमचं ऐकतात का’ असे प्रश्न नकोत. सगळ्या ‘हो’ म्हणतील. ज्याचं उत्तर दिसतं किंवा मोजता येतं असंच विचारा. घर किंवा जमीन कोणाच्या नावे? खात्यातून मागच्या वेळी पैसे काढले ते कोणी? फोन स्वतःचा आहे का, आणि त्याला लॉक आहे का? मागच्या महिन्यात एकटीने तालुक्याला गेला होता का? दवाखान्यात जायला कोणाला विचारावं लागलं? काल पाणी किती वेळा भरलं, किती वेळ लागला? घरात सगळ्यात शेवटी कोण जेवलं? आणि गावाबद्दल: संध्याकाळची शेवटची एसटी किती वाजता, शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी आहे का, ग्रामसभेच्या हजेरीपटात बायकांच्या सह्या किती.

ग्रामपंचायतीतून घरांची यादी घ्या आणि दर ठरावीक घर सोडून पुढचं निवडा. रस्त्यालगतचीच घरं घेतलीत तर वाडीवरच्या आणि वस्तीवरच्या बायका सुटतील. गावागणिक ४० घरं केलीत तर दोन गावांतला वीस-बावीस टक्क्यांच्या आतला फरक फरक धरू नका. घरातल्या एकाच बाईला विचारा, दर वेळी सुनेलाच किंवा सासूलाच नको. चिठ्ठी टाकून ठरवा.

मारहाणीबद्दल विचारू नका. ते काम प्रशिक्षण घेतलेल्या बायका बंद दाराआड करतात, आणि तुम्ही परतल्यावर जिने सांगितलं तिला त्याच घरात राहायचं असतं. कोणी आपणहून बोललीच तर वहीत लिहू नका, १८१ आणि ११२ हे मदतीचे क्रमांक द्या आणि शिबिराच्या प्रमुख बाईंना सांगा. मुलींनीच विचारावं, मुलगे त्या वेळी अंगणात पुरुषांशी बोलत बसतील. सासूबाई आत डोकावल्या तर लगेच पाण्याच्या किंवा एसटीच्या प्रश्नावर या, आणि त्या गेल्यावर पुढचं विचारा.